एका वाटीचं तेल

मंडळी, एक विचारतो, खरं सांगायचं! दोन लेकरं असली की दोघांना सारखं द्यायचं, हा न्याय झाला. पण ती माया झाली का? थांबा, इतक्यात माना डोलावू नका!

एका गावी मालनबाई होती, दुसरेपणावर दिलेली. घरात सवतीची लेक, रेवती, पाच वर्षांची. पुढं हिला जुई झाली. झालं! गावाचे डोळे हिच्या हातावर! मालननं ठरवलं — "जे जुईला, तेच रेवतीला. थेंबाचा फरक नाही!" दर रविवारी खोबरेल कोमट करायची अन् एकाच वाटीनं मोजून दोघींच्या डोक्यात जिरवायची.

जुईचं डोकं कोरडं. तेल मानवलं, केस कमरेला टेकले! रेवतीचं मुळातच तेलकट. दहावीच्या वर्षी कोंडा धरला, खाज सुटली, केस पुंजक्यानं गळायला लागले. शेजारच्या भामाकाकू म्हणाल्या, "सावत्र हात, दुसरं काय!" — अशी काकू गावोगावी असते हो. इथं नसेल!

मालनला ते फार लागलं. पांढरं सुटतंय, म्हणजे डोकं कोरडंच असणार — तिनं वाटी दुप्पट केली!

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी डोकं पाहिलं. "हा तेलकट कोंडा आहे. हिला तेल बंद! कोंड्याचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा. मुळांना लावून पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. धाकटीला तेल चालू दे, शाम्पू मात्र सौम्य."

"एकीला तेल, एकीला नाही? लोक काय म्हणतील मला?"

बाईंनी रेवतीला विचारलं, "एवढी खाज सुटली, बोलली का नाहीस गं?"

पोरगी खाली बघून म्हणाली, "तेल नको म्हटलं असतं, तर आईनं जवळ घेतलं नसतं. तेवढाच तिचा हात लागतो."

मंडळी! दहा वर्षं ही तेल मोजत होती — अन् लेक हातासाठी सोसत होती! मालन तिथंच रडली.

त्या रविवारी अंगणात, सगळ्यांच्या देखत, जुईला तेल अन् रेवतीला शाम्पू. काकू बघून हसल्या. मालननं मान वर केली नाही. शाम्पू लावून थांबायची ती पाच मिनिटं, रेवतीचं फेसाळलेलं डोकं तिनं छातीशी धरून ठेवलं. लुगडं भिजलं, भिजू दिलं.

आता तुमचं सांगा! घरात सगळ्यांना सारखं वाढता ना? त्यातलं कोण मुकाट सोसतंय? "तुला काय हवं गं?" — कधी विचारलं होतं शेवटचं?

आलं ना कुणाचं तरी नाव मनात? देवाचं नाव मागून घेऊ. आधी त्या नावानं हाक मारा.