हृदय माझं, तपासणी लिव्हरची

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर शिवणकामवाल्या काकू आपल्या नंबराची वाट बघत होत्या. शेजारी एक ड्रायव्हर आणि त्याची बारा वर्षांची लेक येऊन टेकले.

"बाबा, माझं दुखणं जन्मापासून हृदयाचं. मग दरवर्षी लिव्हर कशाला तपासतात?"

"अगं, ऑपरेशन झालं तरी रक्त मागे तुंबतं, लिव्हरमध्ये. चौकात गाडी अडली की मागे रांग लागते ना, तसं. तुंबून तुंबून लिव्हर कडक होतं, म्हणून लक्ष ठेवायचं."

"हे तुम्हाला डॉक्टरांनी समजावलं?"

"त्यांनी समजावलं तेव्हा मी नुसती मान डोलावली. समजलं ते घरी, तुझ्या आईकडून."

"आणि गेल्या वर्षी चक्कर कुणाला आली?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

लेक काकूंकडे वळली. "सोनोग्राफीचं जेल माझ्या पोटावर, आणि आडवे हे! नर्सने मला उठवून यांना टेबलावर झोपवलं."

"उपाशी होतो मी."

"उपाशी मला राहायचं होतं, बाबा."

"तू उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरेल का?"

"आज मी एकटीच जाते आत."

"जा की. मी काय घाबरतो?"

दार लागलं. पंधरा मिनिटांनी उघडलं.

"बाबा, लिव्हर किती कडक झालंय त्याचा आकडा गेल्या वर्षीएवढाच आहे. वाढला नाही."

"मला माहीतच होतं!" ड्रायव्हर म्हणाला, आणि मघापासून मुठीत गच्च धरलेलं काकूंच्या ओढणीचं टोक त्याने सोडलं.