शेवटच्या सायकलची घंटी

जबाब

नाव : हंसाबाई लखीराम आडे, वय अंदाजे ५६ वर्षे, व्यवसाय शेती व मजुरी, राहणार पळसधारा तांडा, पोस्ट फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ.

मी पोलीस स्टेशनला समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती लखीराम, मोठा मुलगा सुनील, लहान मुलगा भारत व भारतची बायको उज्ज्वला यांच्यासह राहते. सुनीलची बायको बबिता बाळंतपणासाठी माहेरी गेलेली आहे. आम्ही घरात गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतो. इथे मी मराठीत सांगत आहे, मला दोन्ही येतात.

जबाब लिहिणाऱ्या हवालदार पुष्पाताईंनी सुरुवातीला 'मयत इसम' असे लिहिले होते. तो इसम नाही, माझा पोरगा आहे, त्याला नाव आहे, नावानेच लिहा असे मी सांगितले. त्यांनी खोडून भारत असे लिहिले.

मला इथे कशासाठी बोलावले ते मला माहीत आहे. गेल्या रविवारी सायकलच्या सरावात भारत रस्त्यावर मागे राहिला आणि मरण पावला. सुनील तेव्हा पिकअप गाडी चालवत होता. उज्ज्वलाने तक्रार दिली आहे की, भारत मागे राहिला हे सुनीलला माहीत होते आणि तरी तो गाडी घेऊन पुढे गेला. सुनील म्हणतो, माहीत नव्हते. गाडीत तो आणि मी, दोघेच होतो. म्हणून जे काय ते माझ्या सांगण्यावर आहे. साहेबांनीही मला हेच समजावले, मला ते आधीच समजले होते.

माझ्या पतीच्या दोन्ही किडन्या गेलेल्या आहेत. त्यांना हप्त्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिसला न्यावे लागते. ते काम सुनील त्याच्या पिकअपमध्ये करतो. तीन वर्षांत त्याने एक खेप चुकवलेली नाही. पोळ्याच्या दिवशीही नेले. बबिताच्या भावाचे लग्न होते त्या दिवशी त्याने हळद तशीच टाकली आणि बापाला घेऊन गेला.

भारतला लहानपणापासून सायकलचा नाद. यवतमाळचे अभिषेक श्रीकृष्ण पांढरीपांडे बँकेत आहेत, त्यांचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. भारतची त्यांची ओळख दवाखान्यात झाली, त्यांचे वडीलही तिथेच डायलिसिसला येतात. आपल्या बाजूला डायलिसिसची एक मशीन यावी म्हणून फुलसावंगी ते नागपूर सायकलने जायचे आणि गावोगाव लोकांकडून मदत मागायची, असे दोघांनी ठरवले. होळी झाली की निघायचे होते. अभिषेक यांनी भारतला गिअरची जुनी सायकल दिली. पेपरात भारतचा फोटो आला. फुलसावंगीच्या चौकात त्याला हार घातला. हाराचा फोटोही आला.

सुनील त्या दिवशी यवतमाळवरून परत आला तर घरात तो पेपर सगळ्यांच्या हातात. तो मला म्हणाला, ''याडी, बाबाले नेतो मी. फोटो निघते त्याचा.'' मी म्हटले, तुझाही काढू एखाद्या दिवशी. मला ती थट्टा वाटली. त्याला नाही वाटली. त्यानंतर दोघांत बोलणे तुटक झाले. भारतला ते समजत नव्हते असे नाही. तो मला म्हणे, मशीन आली की भियाचा, म्हणजे सुनीलचा, यवतमाळचा हेलपाटा वाचेल, म्हणूनच तर करून राह्यलो. मी म्हटले, हे त्याच्या तोंडावर सांग. त्याने सांगितले की नाही, मला माहीत नाही.

घंटीबद्दल विचारल्यावरून सांगते. माझ्या सासऱ्याच्या बापाच्या वेळेस आमचे लोक बैलांवर माल लादून मुलूखभर फिरत. सगळ्यांत मागच्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटी असे. मागून घंटी ऐकू येते तोवर पुढच्याने वळून पाहायचे नाही, सगळे येत आहेत असे समजायचे. आणि वाटेवर माणसे, बैल मोजायचे नाहीत. मोजले की एक कमी होते, असे आमच्या घरात मानतात. त्या बैलाची पितळी घंटी आमच्या घरी आहे. पतीने ती भारतला दिली. भारत ग्रुपमध्ये सर्वांत मागे चालवायचा, त्याने ती सीटखाली बांधली. अभिषेकला ही गोष्ट फार आवडली. हायवेवर मागे वळून पाहिले की सायकल ट्रकसमोर जाते, त्यापेक्षा हे बरे, असे ते म्हणाले. सगळ्या सरावात तसेच केले. कधी काही झाले नाही.

रविवारी सकाळी उजाडता उजाडता आम्ही तांड्यावरून निघालो. आर्णीच्या अलीकडे हायवेवर एक ढाबा आहे, तिथवर जाऊन परत यायचे होते. ग्रुपची पोरं यवतमाळवरून शनिवारीच मुक्कामी आली होती. ती किती होती हे मी मोजून सांगू शकत नाही, ते अभिषेकला विचारा. पिकअपमध्ये पाण्याच्या कॅन, केळी आणि भाकरी होत्या. गाडी पुढे जाऊन थांबे, पोरं येत, पाणी पीत, घंटी आली की सुनील गाडी पुढे काढे. उज्ज्वला आमच्यासोबत नव्हती. परत आल्यावर सर्वांना फुलसावंगीच्या स्टँडवर सरबत द्यायचे म्हणून ती तिथे थांबणार होती.

ढाब्यावर भारतने भाकर खाल्ली नाही. फक्त पाणी प्यायला आणि तेही ओकला. त्याचा हात धरला तर चटका बसला. मी म्हटले, तुला ताप आहे. तो म्हणाला, ऊन आहे. मार्चचे ऊन होते हे खरे. सुनीलने त्याला सांगितले की सायकल गाडीत टाक आणि बस. भारत म्हणाला, ''नागपूरले बी गाडीत बसून जाऊ का मंग?'' ग्रुपची पोरं हसली. त्यात वाईट काही नव्हते, हसण्यासारखेच बोलला होता तो. पण सुनीलचे तोंड उतरले. त्याने भारतच्या सीटखालची घंटी सोडली आणि पिकअपच्या मागच्या फळीला बांधली. म्हणाला, आता मी मागं राहतो, तू मोकळा चालव. मला बरे वाटले. भावाचे ओझे घेतले, असे वाटले.

तिथून परत निघालो. गाडी सगळ्यांच्या मागे, हळू. घंटी वाजत होती. मी पहाटेपासून चुलीपुढे होते, महागाव सुटल्यावर माझा डोळा लागला.

नाल्यावरच्या रपट्याचा, म्हणजे बुटक्या पुलाचा, दणका बसला तेव्हा मी जागी झाले. सुनील बाजूच्या आरशात पाहत होता. मी विचारले, भारत कुठे आहे? त्याने सांगितले, पुढे आहेत सगळे. पुढे सायकली दिसत होत्या, डोक्यावर सारख्याच टोप्या, पाठीवर सारखेच पिवळे कपडे. मी मोजले नाही. आमच्यात मोजत नाहीत. मागे घंटी चालू होती.

फुलसावंगीला पोहोचलो. घंटी ऐकून उज्ज्वला ग्लास घेऊन पुढे आली. तिने एकेकाला सरबत दिले आणि शेवटी तिच्या हातात एक ग्लास उरला. तिने मला विचारले, ''हे कुठं गेले?'' मी सुनीलकडे पाहिले. सुनील गाडीत चढला. मीही चढले, उज्ज्वला मागे चढली. अभिषेक म्हणाले, थांबा, फोन लावून बघू कुठे थांबला ते. सुनील थांबला नाही.

वाटेत दोन्ही बाजूंना शेते आहेत, एक पानठेला आहे, एक देऊळ आहे. सुनीलने कुठेही गाडी हळू केली नाही, कोणाला विचारले नाही. सरळ रपट्यावर नेऊन उभी केली.

भारत रपट्याच्या बाजूला बाभळीखाली आडवा होता. सायकल दगडाला नीट टेकवून ठेवली होती. बूट काढून बाजूला ठेवले होते. सुनीलने त्याला उचलले, खांद्यावर घेऊन गाडीत टाकले, त्याच्या तोंडावर पाणी मारले, त्याला शिव्या दिल्या, ऊठ म्हटले. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितले की संपले आहे. अंगातला ताप आणि ऊन दोन्ही मिळून झाले, लवकर आणले असते तर काही करता आले असते, असे म्हणाले. ते बोलले तेव्हा उज्ज्वला तिथेच उभी होती.

मला रडू आलेले नाही. तांड्यातल्या बायका गळ्यात पडून रडल्या, मी त्यांना पाणी दिले. तिसऱ्या दिवशी मी कापूस वेचायला जायला निघाले होते, शेजारणीने हात धरून आणले. कापूस तर कधीचाच संपला आहे. हे जबाबात लिहायचे की नाही ते तुम्ही बघा.

माझ्या पतीने मला सांगितले आहे की, एक गेला, आता दुसऱ्याला तू घालवू नको. तांड्याच्या नायकाने, नानाजींनी, घरी येऊन हेच सांगितले. बबिताच्या माहेरून फोन आला, तेही हेच. गाडी तुमच्या आवारात उभी आहे, त्यामुळे पतीला मंगळवारी एसटीने नेले, ते वाटेत दोनदा खाली बसले. सुनील आत गेला तर त्यांना नेणारे कोणी राहणार नाही हे मला समजते. ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

सुनील मला काही बोललेला नाही. मला असे सांग, तसे सांग म्हणालेला नाही. माझ्यासमोर तो मान वर करत नाही.

उज्ज्वलाने मला एकदाच विचारले. मी भांडी घासत होते. ती म्हणाली, ''तुमी गाडीत होत्या ना.'' मी हो म्हटले. तिने राखेचे वाटगे माझ्याकडे सरकवले आणि माझ्यासोबत भांडी घासायला बसली.

आता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सांगते. रपट्यावर दणका बसून मी जागी झाले तेव्हा सुनील आरशात पाहून बोलत होता. माझ्याशी नाही, आरशाशी. तो बोलला, ''बस तिथंच. येतीन तुले न्याले फोटोवाले.'' हे मी माझ्या कानाने ऐकले. झोपेत ऐकले नाही. त्या वेळी मला ते कळले नाही. त्यानंतर मी विचारले आणि त्याने सगळे पुढे आहेत असे सांगितले. फुलसावंगीवरून तो सरळ रपट्यावर गेला तेव्हा मला कळले. सुनीलला माहीत होते.

भारत मरावा असे त्याच्या मनात नव्हते. त्याला वाटले असेल, बसेल थोडा वेळ, ऊन खाईल, उशिरा येईल, लोक हसतील. एवढेच. हेही लिहा. पुष्पाताई म्हणाल्या की मनातले लिहिता येत नाही, फक्त पाहिलेले, ऐकलेले. मी म्हटले, दोघेही माझ्या पोटचे आहेत, मला दिसते. तरी लिहा. त्यांनी साहेबांना विचारून लिहिले.

सुनीलवर कारवाई व्हावी काय, असे विचारल्यावरून सांगते की, ते मला विचारू नका. तुम्ही विचारलेले मी सांगितले आहे, खोटे सांगितले असते तर उज्ज्वलाच्या बाजूला बसून मला जन्मभर भांडी घासता आली नसती. पुढचे तुमचे काम आहे.

माझी एकच विनंती आहे. सुनील सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहे. काल दुपारपासून त्याच्या पोटात अन्न नाही. मी पिशवीत भाकर आणि आंबाडीची भाजी आणली आहे. माझा जबाब त्याला कळायच्या आधी मला बाहेर जाऊन त्याला वाढू द्या. एकदा कळले की तो माझ्या हातचे खाणार नाही.

हा जबाब पुष्पाताईंनी मला हळू आवाजात वाचून दाखवला, कारण खोलीची खिडकी बाकाच्या बाजूला उघडते. मी सांगितले तसाच लिहिला आहे, बरोबर आहे.