कीबोर्डाजवळचा नारळ

तुम्ही हसाल, पण आमच्या हळर्णच्या घरात ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर गाऱ्हाणं घालून बसवलाय. कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायची हौस माझीच. व्हिडिओ अडकत होते, म्हणून एका रविवारी कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आणून टाकला, आणि लिनक्ससोबत आलेला जुना काढायला विसरलो. कॉम्प्युटर परत चालू केला तर दोन ड्रायव्हरांची जुंपली आणि पडदा काळाकुट्ट. आणि आत बाबांनी वर्षभर एका बोटाने टाइप केलेली भजनं!

बाबा गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचे. त्यांनी नारळ आणून कीबोर्डाजवळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोराच्या हातसून काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आनि ह्यो पडदो पयल्यासारको कर रे म्हाराजा!"

रांदपाच्या खोलीतून फोडणी टाकता टाकता आईने, देवळात लोक देतात तशी, साद दिली, "व्हय म्हाराजा!"

मी कळा दाबून नुसत्या अक्षरांचा पडदा आणला, जुना ड्रायव्हर काढला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. भजनं दिसली.

बाबा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पळय, तुझ्या कंपनीपरास आमचो देव बरो."

आता आई-बाबा दोघंही नाहीत. कॉम्प्युटर नवा आहे, पण ड्रायव्हर बदलताना नारळ ठेवल्याशिवाय माझ्याच्याने एंटर दाबवत नाही. गाऱ्हाणं मीच घालतो. मग थोडा वेळ रांदपाच्या खोलीकडे कान देतो, आणि "व्हय म्हाराजा"ही मीच म्हणतो.