यंत्राचं नाक

नाही साहेब, तो स्क्रू राहू द्या — यंत्र बिघडलेलं नाही. हवेचा आकडा काल पासष्ट होता आणि आज एकदम तीनशे दहा, म्हणून तुम्हाला तसं वाटलं, साहजिक आहे. पण बावीस वर्षं या इमारतीची राखण करतोय मी. शाळा फार झाली नाही, हवा मात्र कळते. थंडी पडली, वारा पडला, की धूर वर चढतच नाही — खाली गार, वर ऊबदार, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. ती चिमणी बघा, धूर कसा आडवा लोळतोय. वारा सुटला तर जाईल शेजारच्या गावाला, त्यांचं ते बघतील.

काय? हो, वारा तर आठ दिवस पडलेलाच आहे. मग काल पासष्ट कसे… बसा ना जरा. स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकवा.

त्याचं असं — यंत्राचं हे नाक सारखं घुरघुरत असतं. मला वाटलं, बिचारं दिवसरात्र हाच धूर ओढतंय, म्हणून रुमाल बांधला. ओला. नुसती यंत्राची दया नव्हती, खोटं कशाला बोलू. चौकातला तुमचा आकड्यांचा फलक आमच्या खिडकीतून दिसतो. हिला दमा. डॉक्टर म्हणाले, फलक लाल असेल तर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि ही दिवसभर घरात म्हणजे — तुमचं लग्न झालंय ना? मग सांगायला नको. कप इथे का ठेवला, चप्पल वाकडी का, चाळीस वर्षांपूर्वी मी तिच्या भावाला काय बोललो. असे तीन दिवस काढले मी. चौथ्या दिवशी रुमाल. फलक हिरवा, ही शाल घेऊन बागेत मैत्रिणीकडे, आणि घरात अशी शांतता, की मला घड्याळ ऐकू आलं.

पाच दिवस चाललं. काल संध्याकाळी परत आली ती तिसऱ्या पायरीवरच बसली. ओठ निळे. हिला बोलता येईना — हिला, साहेब. पंप दिला, पाठीवर हात फिरवत बसलो. जरा दम आल्यावर म्हणते कशी, "फलक तर हिरवा होता हो. माझंच काहीतरी बिघडलं असेल."

पहाटे वर येऊन सोडला रुमाल. हा बघा, किती काळा झालाय. म्हणून म्हणतो, यंत्र नेऊ नका. आजच कुठे खरं बोलायला लागलंय. नेलंत तर फलक कोरा, आणि कोरा म्हणजे लाल नव्हे असं म्हणून ही निघेल बागेत. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा, नोकरी गेली तर घरी बसेन — तिच्यासमोर बसेन, दिवसभर, ती शिक्षा काय थोडी आहे.

थांबा. खालून हाक मारतेय. हाच रुमाल शोधतेय पाच दिवस, किनार तिनेच घातलीय. घ्या, तुमच्या खिशात टाका. माझे खिसे ती बघते. आणि आता निघा, साहेब — मागच्या जिन्याने.