एकनळीत काय भरलंस?

ए, ऐका ना! मोबाईल उलटे ठेवा सगळ्यांनी. तन्मय, तू पण. उद्या पहाटे अंधारातच सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, शॉर्टकट मारून धबधब्याला जायचं म्हणतोयस ना? मग आधी हे ऐक. आणि हळू हं, भिवामामा आत झोपलाय. ही गोष्ट काढलेली त्याला आवडत नाही. मला मामीने सांगितली. हीच शेवंतामामी, जिने मघाशी आपल्याला घावणे वाढले. त्या रात्री मामाचं बोट जरासं वाकलं असतं ना, तर मामी आज नसती. सिरियसली.

तर ऐका. मामा तेव्हा सव्वीस वर्षांचा. नुकतंच लग्न झालेलं. भात पिकत आलेलं आणि रोज रात्री डुकरं येऊन शेतात लोळायची. त्यांच्यात एक होता एकसुळा. एकच सुळा, आणि अंगाने एवढा, रेडकाएवढा! त्याने शेजारच्या सोनूदादाची मांडी फाडली. गुडघ्यापासून वरपर्यंत. त्या दिवशी मामा म्हणाला, बस्स. आज हा नाहीतर मी.

मामाकडे शेतराखणीच्या परवान्याची बंदूक होती. एकनळी. म्हणजे एका वेळी एकच काडतूस. चुकलात तर दुसरं भरेपर्यंत डुक्कर तुमच्या अंगावर.

म्हणून काय भरायचं, हाच सगळा खेळ! मला वाटायचं गोळी म्हणजे गोळी. तसं नसतं यार. बारीक छर्रा असतो मोहरीसारखा, तो पाखराला, सशाला. डुकराला तो मारलात तर त्याला नुसती खाज येते, आणि मग तो तुम्हाला खाजवतो! मोठे छर्रे वाटाण्याएवढे, ते भेकराला, त्या छोट्या हरणाला. आणि तिसरा बॉल. शिशाचा एकच गोळा, बोराएवढा. तो एकसुळ्याला. मामाकडे बॉल उरलेला एकच. एकच!

आणि राखणीला बसल्यावर बॅटरी लावायची नाही, जनावर बुजतं. मग अंधारात ओळखायचं कसं? तर काडतुसाला दोरा बांधतात. बॉलला दोन वेढे, मोठ्या छर्र्याला एक, बारीक मोकळा. चाचपलं की कळतं. त्या संध्याकाळी दोरे मामीने बांधले. दाताने तोडून तोडून. आजोबा दारात उभे. म्हणाले, "भिवा, वाटेत कोण पण भेटूदे, काय भरलंस ते सांगू नको. सख्ख्या भावाला पण नाय. रान ऐकतंय."

मामाने मान हलवली आणि निघाला. एकटाच. आपण उद्या जाणार म्हणतोय ना, त्याच वाटेने!

वर सड्यावर आला आणि थांबलाच. कारण असा सडा त्याने कधी बघितलाच नव्हता. पाऊस नुकता गेलेला. काळ्या कातळावर पांढरी फुलं, बटणाएवढी, लाखो. वरून चांदणं. खळग्याखळग्यात पाणी आणि प्रत्येक पाण्यात एक चंद्र. गुडघाभर धुकं. पावलांचा आवाजच येईना. मामाला वाटलं आपण चालत नाही, वाहतोय.

आणि समोर दगडावर एक म्हातारा. मांडीवर जुनी ठासणीची बंदूक, डोक्यावर घोंगडी.

"काय रं बाला, डुकराला?"

"व्हय बाबा."

"काय भरलंस?"

आणि मामा बोलून गेला! अरे, म्हाताऱ्या माणसाने विचारलं, गप्प कसं बसायचं? शिकलेलाच नाही तो. म्हणाला, "बॉल."

म्हातारा गालात हसला. "बॉल? हितं तर ससे हायत. बघ की."

मामाने बघितलं. फुलांत ससे! एक, चार, वीस... पांढरे, कान उभे, सगळे चंद्राकडे तोंड करून बसलेले. आता मामा गेला होता कशाला? एकसुळ्याला ना? पण तेव्हा ते आठवेचना त्याला. त्याने बंदूक मोडली, म्हणजे मधून उघडली, बॉल काढला, मोकळं काडतूस चाचपून भरलं.

"काय भरलंस?"

"बारीक."

फुर्रर्र! ससे गेले आणि धुक्यातून एकसुळा आला. तोच! सुळ्यावर चांदणं चमकतंय, जमीन हुंगत हुंगत येतोय. मामाने घाईघाईने काडतूस काढलं, दोन वेढेवालं शोधलं, भरलं.

"काय भरलंस?"

"बॉल!"

की डुकराचं झालं भेकर. पाण्याशी मान वळवून बघत उभं. मोठे ओले डोळे. मामाने परत काढलं. एक वेढेवालं शोधायला खिशात हात घातला. दोन वेढे. दुसरं काढलं. दोन वेढे. तिसरं. दोन वेढे! खिशातल्या सगळ्या काडतुसांना दोन दोन वेढे! कळतंय का तुम्हाला? बारीक कुठलं, बॉल कुठला, काहीच कळेना!

आणि मामाने नंतर मामीला सांगितलं, भीती नाही वाटली. तेच वाईट होतं. छान वाटत होतं. ताप उतरताना येते ना, तशी गोड झोप अंगावर येत होती. वाटत होतं असंच बसावं, भरावं, काढावं, भरावं, काढावं. मामा कधी खाली बसला त्यालाच कळलं नाही, आणि म्हातारा आता शेजारी टेकलेला. घोंगडीला ओल्या मातीचा वास.

मग परत एकसुळा आला. या वेळी थेट मामाच्या अंगावर. मामाने हाताला लागलं ते भरलं.

"काय भरलंस?"

"बॉल."

आणि तो शब्द तोंडातून निघाला, तशी डुकराच्या जागी मामी उभी! कमरेएवढ्या धुक्यात. हिरवं लुगडं. केस सुटलेले.

"अवो," म्हणाली.

आता बघा मामाच्या डोक्यात काय आलं. मघापासून हेच चाललेलं! बॉल म्हटला की डुक्कर बदलतं. म्हणजे ही मामी नव्हे. हा एकसुळाच आहे, रूप घेतलेला. म्हातारा कानाशी लागला, एकदम मायेने, "डुक्करच हाय रं त्यो. लांब जाईल. दे बार."

मामाने बंदूक खांद्याला लावली. नेम छातीवर. बोट घोड्यावर.

मामी हलली नाही. जागची हलली नाही! आणि बोलायला लागली. "दोन रात्री झाल्या घरातून निघून. भात तीनदा शिजवला, तीनदा गुराला घातला. तुमच्या बाबांनी घास घेतला नाय दोन दिवस. सोनूभावजींनी खाटेवर पडल्या पडल्या सगळं गाव रानात धाडलं. आणि तुम्ही हितं फुलांत बसून कोणाशी बोलताय?"

दोन रात्री! मामाला वाटत होतं तास झाला असेल.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की ससा बोलला नव्हता. भेकर बोललं नव्हतं. एकसुळा तर नाहीच. आणि असं बोलणं... असं बोलणं त्या म्हाताऱ्याला सात जन्मांत सुचलं नसतं!

"काय भरलंस?" म्हाताऱ्याने विचारलं.

मामा गप्प.

"बाला, काय भरलंस?"

मामाने ओठ दाबून धरले. बंदूक मोडली. काडतूस बाहेर पडलं, कातळावर टणकन वाजलं. पायाखालच्या कातळाचा पहिला आवाज! मामा उठला आणि रिकामी बंदूक घेऊन चालत गेला मामीकडे. तिचा हात धरला. गरम होता हो, गरम! दोघं जे पळत सुटले! मागून प्रत्येक खळग्यातून, प्रत्येक पाण्यातून तोच आवाज. काय भरलंस, काय भरलंस, काय भरलंस... गावदेवीच्या पायऱ्यांपर्यंत. मामाने तोंड उघडलं नाही.

मी मामीला विचारलं, अगं, नवऱ्याने बंदूक रोखलेली, तू पळाली का नाहीस?

चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "पळतंय त्यालाच मारतात, बाय. काडतुसाला दोरा मीच बांधलेला, काय लागंल ते मला ठावं होतं. म्हणून पाय रोवले आणि तोंड चालू ठेवलं. लुगड्याच्या आत पाय लटलट कापत होते. धुकं होतं म्हणून ह्यांना दिसले नाय."

तर तन्मय, डांबरी रस्ता. तासभर जास्त चालू, पाय दुखले तर दुखू देत. दिवसा बघ तुझी फुलं, हवी तेवढी. पण दिवस मावळला की त्या वाटेने कोणी जायचं नाही. कितीही सुंदर दिसली तरी नाही. सुंदर दिसली तर मुळीच नाही.