रंगूअण्णांचा सूर्य

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. सोपा आहे. उत्तर मात्र घरी जाऊन बायकोला विचारून द्या, कारण माणूस स्वतःबद्दल खरं बोलत नाही! प्रश्न असा — देवानं आपल्या ओंजळीत घातलं, ते आपलं किती? सगळं? अर्धं? का घोटभर प्यालो तेवढंच आपलं, आणि बाकीचं नुसतं आपल्या हातावरनं चाललेलं?

माना डोलवताय! छान! पहिल्या रांगेतले बाबा तर डोळे मिटून डोलताहेत. बाबा, झोप आहे का समाधी आहे? — समाधी! बरं, चालू द्या!

तर खडकदरे नावाचं गाव. गावात रंगनाथ फडतरे नावाचे गृहस्थ. लोक म्हणायचे रंगूअण्णा. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटकरी म्हणजे काय? कॅनॉलचं दार उघडायचं आणि बंद करायचं. आता कागदावर दोन्ही कामं आहेत. पण अण्णांचा जीव कशात रमायचा? बंद करण्यात! उघडताना सांधे दुखायचे, बंद करताना भजन सुचायचं! तीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात जाणारं पाणी अडवलं — आणि मग सरकारनं त्यांनाच अडवलं. निवृत्त केलं!

आता घरी बसून अडवायचं काय? बायको शेवंताबाई. ती माउली अडण्यातली नव्हती!

अशात अण्णांनी घराच्या गच्चीवर सोलर बसवून घेतलं. काळ्याभोर आठ पाट्या! तालुक्याहून सलीम तांबोळी नावाचे मिस्त्री आले. पन्नाशीचा, शांत माणूस. सगळं जोडलं आणि समजावून सांगायला लागले —

"अण्णा, याला बॅटरी नाही. दिवसा तयार होईल ती वीज आधी तुमच्या घरात. उरेल ती तारेवरनं बाहेर. सूर्य मावळला की बाहेरची आत. आणि अजून एक गोष्ट नीट ऐका, गावची लाईन जर—"

"ऐकलं, ऐकलं!" अण्णा म्हणाले. त्यांचं लक्ष कुठं? रस्त्यावर! कोण बघतंय, कोण थांबतंय! "ओ सरपंच! वर बघा! आजपासनं फडतऱ्यांची वीज सूर्यनारायणाकडनं थेट! मधे कुणी नाही!"

मंडळी, अर्धं ऐकणं फार वाईट! कीर्तनातसुद्धा तेच होतं. 'खा' एवढं ऐकू येतं, 'वाटून' ऐकूच येत नाही!

झालं! अण्णांचा दिनक्रम बदलला. सकाळी उठायचं, गच्चीवर जायचं, पंच्यानं एकेक पाटी पुसायची. म्हैस धुवावी तशी! ढग आला की त्याला शिव्या. ढग गेला की मिशीला ताव.

आता अण्णांच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. गिरणी पारूबाई लोहारांची. नवरा गेल्यावर त्या बाईनं एकटीनं चालवलेली. गिरणी म्हटली की पीठ उडणार. आणि उडालं की बसणार कुठं? अण्णांच्या पाट्यांवर! रोज दुपारी काळ्या पाट्या पांढऱ्या!

अण्णा गच्चीवरनं ओरडले, "पारूबाई! तुझं पीठ माझ्या सूर्यावर बसतंय!"

पारूबाई खालनं म्हणाली, "मग चाळून घ्या, पाटकरी! दोन भाकरी होतील!"

हसा, हसा! पण अण्णा हसले नाहीत. त्यांनी सलीमभाईंना फोन लावला. "सलीम, ती उरलेली वीज बाहेर जाते म्हणालास. बाहेर म्हणजे कुठं?"

"ज्याला लागते त्याच्याकडं, अण्णा. अगदी शेजारी काही चालू असलं तर आधी तिथंच."

"शेजारी?"

"हो."

"म्हणजे... गिरणीत?"

"गिरणी चालू असली, तर गिरणीत."

अरे देवा! अण्णांचा भडका उडाला! माझा सूर्य! माझ्या पाट्या! आणि पीठ कुणाचं दळायचं? त्या पारूचं? जी माझ्या पाट्यांवर तेच पीठ उडवते? तीस वर्षांचा पाटकरी जागा झाला, मंडळी! दार बंद करायचं! पण विजेला दार कसं घालणार?

अण्णांनी युक्ती काढली. बाहेर जायला उरूच द्यायची नाही! सगळी घरातच जाळायची! सकाळी नऊ वाजले की घरातले सगळे पंखे सुरू. माणूस नसलेल्या खोलीतलासुद्धा! कूलर सुरू. टीव्ही सुरू, समोर कोण? मांजर! एप्रिलच्या उन्हात गिझर सुरू! इस्त्री घेऊन बसले. धोतराला केली, सदऱ्याला केली. कपडे संपले. मग पंच्याला केली, पायपुसण्याला केली, शेवटी गोधडीला इस्त्री! शेवंताबाई कूलरपुढं शाल पांघरून बसलेल्या. म्हणाल्या, "अहो, मला हुडहुडी भरली!"

"भरू दे! गिरणीत जाण्यापेक्षा बरी!"

हसू नका एवढं! ही गोष्ट खडकदऱ्याची आहे असं तुम्हाला वाटतंय. मला इथं उभ्या उभ्या तीन रंगूअण्णा दिसताहेत. नावं घेत नाही. एकानं आत्ताच मान खाली घातली!

आता पुढं ऐका. गावाला वीज यायची एका जुन्या डीपीवरनं, म्हणजे चौकातल्या ट्रान्सफॉर्मरवरनं. तिचं तेल गळत होतं, दुपारी गुरगुरायची; पण अण्णांचं सोलर बसल्यापासनं दिवसा एकदाही बंद पडली नव्हती. गावकऱ्यांनी ठरवलं, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करू, चार जण तालुक्याला जाऊ, नवी डीपी आणू. सरपंच कागद घेऊन घरोघर फिरले. अण्णांच्या दारात आले.

अण्णांनी आभाळाकडं बोट दाखवलं. "आमची डीपी ती! तेल गळत नाही, गुरगुरत नाही. तुमच्या कागदावर मी कशाला सही करू?"

सरपंच म्हणाले, "अण्णा, गावाचं काम आहे."

"गावानं करावं की मग!"

केलं दार बंद. या वेळी खरोखरचं, लाकडाचं!

आणि पुढच्याच आठवड्यात अण्णांच्या घरी कार्य निघालं. लेक सुरेखा बाळंतपणाला आलेली. मुलगी झाली. अण्णांना पहिली नात! बारसं ठरलं. व्याही-विहीणबाई आले, साठ-सत्तर पाहुणे आले. अंगणात मांडव. उन्हाचा तडाखा असा की मांडवातली खुर्ची चटका देत होती. पण घरात कूलर घुमतोय, बाळ पाळण्यात झोपलंय. आणि अण्णा विहीणबाईंना सांगताहेत, "आमच्याकडं दिवसा वीज जात नाही हो! जाऊच शकत नाही! गावाची जाईल. आपली नाही!"

सव्वाअकरा वाजले. आणि चौकातनं आवाज आला — ढप्प!

डीपी उडाली! अख्खं गाव बाहेर आलं. गिरणी थांबली. अण्णा मात्र खुर्चीतनं उठले नाहीत. पायावर पाय टाकला आणि म्हणाले, "बघा विहीणबाई! गेली गावाची! आता बघा आपली—"

वरचा पंखा मंद झाला. अण्णांनी वर बघितलं. पंखा म्हणाला, राम... कृष्ण... हरी... आणि थांबला! कूलर थांबला. स्वयंपाकघरात मिक्सरमधली चटणी अर्धीच राहिली. पाण्याची मोटर बंद. आणि घरातली टाकी? रिकामी! का? सकाळपासनं गिझरचं गरम पाणी ओतून ओतून संपवलेलं!

अण्णा गच्चीवर धावले. वर सूर्य कसा? आगीचा गोळा! पाट्या कशा? लखलखीत! आणि घरात? सगळं ठप्प! अण्णा सूर्याकडं बघून ओरडले, "अरे, तू आहेस ना? मग येत का नाहीस?"

फोन लावला. "सलीम! तुझं यंत्र बिघडलं!"

"नाही अण्णा. गावची लाईन गेली असेल."

"गावची गेली! माझी का गेली?"

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी तेच सांगत होतो, तुम्ही ऐकलं ऐकलं म्हणालात. लाईन गेली की दुरुस्तीला वायरमन खांबावर चढतो. तार मेलेली आहे असं समजून हात लावतो. तुमच्या पाट्यांची वीज त्याच तारेवर गेली, तर माणूस वरच्या वर जळेल. म्हणून गावची लाईन गेली, की आपलं यंत्र स्वतःहून थांबतं. गाव उजळलं की तुम्ही उजळणार, अण्णा. एकट्यानं नाही."

अण्णा गच्चीच्या कठड्याशी गेले. गच्चीवरनं चौक दिसत होता. तिथं वायरमन खरंच खांबावर चढत होता. खाली त्याचा डबा ठेवलेला. घरनं बायकोनं बांधून दिलेला असेल. आणि मंडळी, अण्णांच्या मनात पहिल्यांदा आलं की, त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो!

खालनं बाळाचं रडणं ऐकू आलं. बारा दिवसांचं पोर! उकाड्यानं लालबुंद झालेलं. सुरेखा पदरानं वारा घालतेय, हात थांबला की पोर किंचाळतंय. पाहुणे पाणी मागताहेत. भात चुलीवर ठेवायचा, तर तांदूळ धुवायला पाणी नाही. विहीणबाई काही बोलत नव्हत्या. मंडळी, विहीणबाई बोलल्या तर सोसतं. गप्प बसल्या की माणूस संपला!

शेवंताबाई म्हणाल्या, "पारूबाईच्या मागं आड आहे. रहाट आहे. जा."

"मी?"

"मग काय सूर्य जाईल?"

गेले. भिंतीला भिंत लागून घर, पंधरा पावलं. अण्णांना ती कॅनॉलच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत वाटली. पारूबाई बंद गिरणीत पोत्यावर बसली होती. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ.

"या पाटकरी! भर दुपारी सूर्य मावळला काय तुमचा?"

अण्णांना काय काय बोलायचं होतं. एवढंच आलं, "पारूबाई... पोर तळमळतंय गं."

बस्स! ती बाई पुढचं ऐकायला थांबली नाही. पदर खोचला आणि पलीकडच्या शेजारणीला हाक मारली, "अगं ए शांते! कळश्या घे! वरच्या आळीला सांग, फडतऱ्यांच्या घरी पाणी लागतंय!" दहा मिनिटांत आडावर बायकांची रांग लागली. ज्या घरांच्या अर्जावर अण्णांनी सही केली नव्हती, त्याच घरांतनं कळश्या आल्या. कुणी चटणी पाटा-वरवंट्यावर वाटायला घेतली. पारूबाईनं चादर भिजवून खिडकीला बांधली, हातात सूप घेतलं आणि पाळण्याशेजारी मांडी घालून बसली. सूप हलतंय... सूप हलतंय... पोर हुंदके देत देत झोपलं. तासभर ती बाई हलली नाही. आत्यानं कानात नाव सांगितलं तेव्हासुद्धा सूप थांबलं नाही!

अण्णा दारात उभे होते. आणि त्या पाटकऱ्याच्या डोळ्यांचं दार उघडलं, मंडळी. ते त्यांना बंद करता येईना.

पाहुणे गेल्यावर अण्णा सरपंचांकडं. "कागद कुठाय? सही करतो."

"कागद कधीच गेला, अण्णा. नवी डीपी परवा येतेय."

"माझ्या सहीविना?"

"तुमचं घर गावातच आहे ना? मग तुमचंही नाव आम्हीच घातलं."

तिसऱ्या दिवशी डीपी आली. ट्रॅक्टरवर! आणि गावाच्या ओढ्यात ट्रॅक्टर रुतला. दोर बांधले. गाव ओढायला आलं. सगळ्यांच्या पुढं कोण? रंगूअण्णा! "ओढा रे! हय्या!" चिखल असा की पाय निघेनात. आणि जोर लावता लावता अण्णांचं इस्त्रीचं धोतर सुटलं! आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी! बायका तोंड फिरवून हसल्या. सरपंच ओरडले, "अण्णा, धोतर!" अण्णा म्हणाले, "राहू दे! धोतर एका हातानं धरीन, तर दोर एका हातानं सुटेल!" मंडळी, धोतर सोडलं, दोर नाही सोडला! लाज गेली चिखलात, आणि डीपी आली गावात!

लाईन आली. अण्णांचं यंत्र आपसूक जागं झालं. गिरणी सुरू झाली आणि पीठ उडालं. अण्णा बादली घेऊन गच्चीवर गेले, मुकाट्यानं पाट्या पुसल्या, खाली आले आणि घरभर फिरून बटणं बंद करत सुटले. शेवंताबाईंनी विचारलं, "अहो, काय करताय?"

अण्णा म्हणाले, "आज बाजार आहे. पारूबाईकडं दळणाची गर्दी असेल. जाऊ दे तिकडं."

झाली गोष्ट! आता तुमच्याकडं वळतो. पळू नका, चपला मी बघतोय! पुरुषहो, तुम्हाला देवानं काय दिलं? कुणाला अक्षर दिलं. शेजारच्या म्हातारीचा अर्ज लिहून दिलात का? कुणाला गाडी दिली. पोटुशी बाई रस्त्यात उभी दिसली तर थांबवलीत का? मायबहिणींनो, कुणाच्या हाताला चव दिली. भिंतीपलीकडच्या आजाऱ्याच्या तोंडात ती गेली का? आणि मला देवानं जीभ दिली. मी घरी गेल्यावर माझ्या भावाशी बोलतो का? — हसू नका, दोन वर्षं नाही बोललेलो. इथं उभं राहून तुम्हाला सांगतोय, म्हणून आता उद्या सकाळी जावंच लागणार!

वर गेल्यावर देव गच्ची मोजणार नाही. 'किती पाट्या होत्या रे?' असं विचारणार नाही. तो एवढंच विचारेल, 'मी तुझ्या दारात रोज एवढं ओतत होतो. तुझ्या घरनं पुढं कुणाकडं गेलं?' तेव्हा सांगायला एक तरी नाव असू द्या. एकच! त्या एका नावाच्या आनंदात टाळ उचला, हात वर करा, शेजारच्याचाही हात धरून वर करा, आणि मोठ्यानं म्हणा — रामकृष्णहरी!