उतरताना बोलायचं नाही

...आणि वर मलाच विचारतात हो, ‘तू आधी का नाही बोललीस?’ मी! मी का नाही बोलले! तुम्हाला सांगते, एकतीस वर्षं संसार झाला, पण या प्रश्नावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण विमानात बसायच्या आधी, पट्टा बांधायच्याही आधी, आमच्याकडे नियम एकच... ‘उतरताना बोलायचं नाही!’

आता विमान म्हणजे तुम्ही बसता ते मोठं नव्हे. आमचं दोघांचं! मी जराशी वजनाने वाढले की ते लगेच ओळखतं, असलं. आमचे हे दातांचे डॉक्टर. पन्नाशी उलटल्यावर माणसं गुडघे दाखवायला जातात, हे विमान शिकायला गेले. आणि दातांचा डॉक्टर म्हणजे कसा? तुमच्या तोंडात हत्यारं कोंबणार आणि मग विचारणार, ‘काय, बरं वाटतंय ना?’ समोरच्याचं उत्तर ऐकायची सवयच नाही हो त्या माणसाला!

आणि आमचे व्याही? वकील! त्यांचंही विमान. एकाच फ्लाइंग क्लबात हे दोघं तासन् तास भांडायचे, तेवढ्यात आमच्या मुलीचं आणि त्यांच्या मुलाचं जमलंसुद्धा. भांडण कशावरून? पंखांवरून! आमच्या विमानाचे पंख खाली, पायाशी. त्यांचे वर, छत्री धरल्यासारखे. हे म्हणायचे, ‘वकीलसाहेब, तुम्हाला डोक्यावरचं काही दिसत नाही!’ ते म्हणायचे, ‘डॉक्टर, तुम्हाला पायाखालचं दिसत नाही!’ दोघंही एकाच वेळी. लग्नात फोटोवाला म्हणाला, ‘व्याही मंडळी, जरा तोंडं मिटा,’ तर एकाचं मिटेपर्यंत दुसऱ्याचं उघडलेलं!

तर त्या दिवशी सकाळी जावयाचा फोन. ‘आई, मुलगी झाली. दोघी छान आहेत.’ माझ्या डोळ्यांत पाणी. आणि हे? हे पायात बूट घालतायत! म्हटलं, ‘अहो, चहा तरी घ्या, बाळ काही पळून जात नाही.’ तर म्हणाले, ‘बाळ नाही, पण व्याही पळतील!’ म्हणजे नातीचं तोंड आधी कोणी बघायचं, याची शर्यत! आणि तिकडे त्याच वेळी विहीणबाईंनाही अर्ध्या वेणीनिशी उठवून विमानात कोंबलेलं, हे मला काय माहीत?

जावयाच्या गावाबाहेर विमानं उतरतात ती जागा म्हणजे काय... एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, वारा दाखवायला खांबावर कापडाचा मोजा. बास. ‘तू थांब, तू ये’ म्हणायला माणूस नाही. ज्याने त्याने रेडिओवर सांगायचं, ‘मी येतोय,’ आणि दुसऱ्याचं ऐकायचं. सांगायचं आणि ऐकायचं! आता यातलं दुसरं काम आमच्या खानदानात कोण करणार, सांगा तुम्ही! आणि त्या रेडिओची गंमत अशी की दोघं एकदम बोलले, की दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. हे म्हणाले, ‘मी उतरतोय.’ त्याच सेकंदाला तिकडून ते म्हणाले, ‘मी उतरतोय.’ झालं! दोघंही समाधानात की आकाश आपलंच.

मी खिडकीतून खाली बघतेय. छान ऊन. शेतावरून आपल्या विमानाची सावली पळतेय... आणि तिच्या शेजारी आणखी एक. मी म्हटलं, एका विमानाच्या दोन सावल्या? असेल बाई काही उन्हाचं. विचारावं का? पण नाही... उतरताना बोलायचं नाही!

सावल्या जवळ आल्या. मी गप्प. आणखी जवळ आल्या. मी घसा खाकरला, तर यांनी बोट वर केलं, पेशंटला करतात तसं! आणि मग दुसऱ्या सावलीचं शेपूट आमच्या सावलीत शिरलं हो... आमच्या विमानाच्या पोटाखाली कुणीतरी आहे, आणि आपण त्याच्यावर बसायला निघालोय!

‘अहो, खाली कुणीतरी आहे!’

‘अगं, उतरताना बोलायचं—’

‘वर घ्या!’ मी ओरडले. त्या आवाजात मी आयुष्यात दोनदाच ओरडलेय, आणि दोन्ही वेळा या माणसाने आधी ऐकलंय आणि मग विचारलंय. यांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक वर, माझं काळीज खाली! आणि आमच्या नाकाखालून, जिना उतरताना खालची पायरी दिसावी इतक्या जवळून, निळ्या पट्ट्यांचे दोन पंख सरकत पुढे गेले. मी ओळखले. म्हटलं, ‘अहो... व्याही!’

तुम्हाला सांगते, यांचा चेहरा पांढराफटक. एक चक्कर मारून उतरलो. तिकडे वकीलसाहेब विमानाला टेकून उभे. आयुष्यात पहिल्यांदा वकिलाकडे मुद्दा नव्हता! हे गेले, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि सोडेचनात. एका झटक्यात पोरीचे दोन्हीकडचे आजी-आजोबा गेले असते हो. जन्मून चार तास झालेले तिला!

मी विहीणबाईंना मिठी मारली. म्हटलं, ‘तुम्हाला काहीच दिसलं नाही?’

तर त्या हळूच म्हणाल्या, ‘दिसलं ना. समोरच्या काचेतून वर एक चाक दिसलं. मला वाटलं, आपलंच असेल.’

‘मग विचारायचं नाही का?’

‘कसं विचारणार? आमच्याकडे उतरताना बोलायचं नाही!’

दोघी त्या गवतात बसून इतक्या हसलो, इतक्या हसलो, की रडलोच शेवटी. मग हॉस्पिटलात गेलो. बाळ आधी कोणी घ्यायचं? दोघंही म्हणाले, ‘तुम्ही घ्या,’ ‘नाही, तुम्ही घ्या’... तेही एकदम! नर्सने कंटाळून बाळ माझ्या हातात दिलं.

मला वाटलं, चला, आता अक्कल आली, विमानांचा नाद सुटला. तर परवा दोघं एका कागदावर डोकं घालून बसलेले. म्हणाले, ‘उपाय सापडला! दोन्ही विमानं विकायची आणि चौघांचं एकच घ्यायचं. म्हणजे आपण एकमेकांवर आदळूच शकत नाही!’

आता कुणी काय बोलायचं? मागच्या सीटवर आम्ही दोघी. विहीणबाईंनी वर बघायचं, मी खाली... आणि समोर कोण बघणार, यावर पुढच्या दोघांचं अजून एकमत व्हायचंय.